सोललेला नारळ

गाडीच्या पाठीवर माझ्या धंद्याचा शब्द लिहिलेला होता, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी रत्नागिरीत फ्रिज-एसी दुरुस्त करतो. दिवाळीच्या आधी नेवऱ्याच्या अलीकडच्या एका बंगल्यात चार एसींची सर्व्हिसिंग होती. मालक पुण्याचे. दिवाळीत चार दिवस येणार, त्याआधी सगळं गार करून ठेवायचं. चौथ्या एसीचा आउटडोअर गॅरेजच्या पाठभिंतीवर होता. शिडी लावायला जागा व्हावी म्हणून तिथल्या राखणदार काकांनी एका गाडीवरचं कव्हर अर्धं वर सारलं, आणि डिकीच्या उजव्या कोपऱ्यात चकचकीत अक्षरं दिसली: 'कॉम्प्रेसर'. इंग्रजीत, पण 'सी'च्या जागी 'के' घालून.

सत्तावीस वर्षं हा शब्द मी लोकांना घाबरवायला वापरतोय. 'कॉम्प्रेसर गेलाय' म्हटलं की गिऱ्हाईक आधी खुर्चीत बसतं आणि मग पाणी मागतं. इथे तोच शब्द कुणीतरी मिरवायला म्हणून लावला होता. मी शिडी भिंतीला टेकवून तशीच ठेवली आणि कव्हर पूर्ण काढलं.

मर्सिडीजची एसएलके 200. दोन माणसांची, चांदीच्या रंगाची, टप पत्र्याचाच पण घडी होऊन डिकीत जाणारा. पासिंग जानेवारी 2011चं, पुण्याचं. मीटरवर 31 हजार किलोमीटर.

"इकायची हाय ती," काका म्हणाले. "सायब साडेअकरा सांगतात. कमी करतील."

लहानपणीचं स्वप्न वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. अशा लेखांत माणूस दहावीत असताना भिंतीवर चिकटवलेलं एखादं चित्र आठवतो. माझ्या भिंतीवर ओल होती, चित्र टिकत नसे. मला गाडीचा मोह वयाच्या एकावन्नाव्या वर्षी झाला, शिडी हातात असताना, आणि त्याचं खापर फोडायला दुसरं कुणी नाही.

त्या रात्री घरी बसून त्या कॉम्प्रेसरचा छडा लावला. इंजिन 1796 सीसीचं, आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा एक डबा, त्यात एकमेकांना न शिवता फिरणारे दोन रोटर. रूट्स पद्धत म्हणतात तिला. गंमत अशी की हा डबा आत हवा दाबतच नाही. इंजिन जेवढी पिऊ शकतं त्याहून जास्त हवा तो पुढे लोटतो आणि दाब तयार होतो पलीकडे, इंजिनाच्या दारात. आमच्या धंद्यात याला कॉम्प्रेसर म्हणणार नाहीत, ब्लोअर म्हणतील. पण त्याच्या जोरावर ते इंजिन 184 अश्वशक्ती देतं, तेव्हा मर्सिडीजशी वाद घालण्यात अर्थ नाही. डिकीवर 'ब्लोअर' असं लिहिलेलं असतं तर मी कव्हर परत टाकून शिडी चढलो असतो, एवढं मात्र नक्की. आणि एसएलके म्हणजे जर्मनमध्ये श्पोर्टलिश, लाइश्ट, कुर्त्स: चपळ, हलकी, आखूड. हलकी म्हणे! वजन चौदाशे किलोच्या आसपास. आखूड मात्र खरी.

दुसऱ्यांदा गेलो तो न कळवता, सकाळी साडेसातला. जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला वेळ सांगू नये. तो आधी इंजिन गरम करून ठेवतो आणि गरम इंजिन सगळं लपवतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. गार असणारच, बॅटरी मेलेली होती. माझ्या व्हॅनवरून केबल लावून चालू केली तेव्हा पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला आणि मग सगळं शांत. ही इंजिनं त्या आवाजासाठी प्रसिद्ध आहेत. टायमिंग चेन ताणली जाते आणि कॅमच्या अ‍ॅडजस्टरचे दात झिजतात. कोल्हापूरच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोनवर तो आवाज ऐकवला. "दीड लाख धरून चाला," तो म्हणाला, "आणि गाडी इकडे आणायची झाली तर आंबा घाट चालवत चढू नका, टेंपोवर घालून आणा."

टायरची नक्षी नवीकोरी होती. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. इथे 2214 होतं, म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. बाजूच्या रबराला सुकलेल्या खाजणासारख्या भेगा. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत सुरूच्या सुयांचं, बॉनेटच्या अस्तराच्या कापसाचं आणि एका पिवळ्या वायरच्या सालीचं नीटनेटकं घरटं. उंदराचं. मालकीणबाई घरी नव्हत्या. डिकीतला गालिचा उचलला तर बोटाला ओल लागली. टपाच्या कडेनं पाणी जायला जी पन्हाळी असते तिचं भोक सुरूच्या सुयांनी बुजलं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्याला बाहेर जायची वाट मिळाली नाही की तो आत येतो. आणि टप उघडणारा हायड्रॉलिक पंप डिकीतच.

शेवटी माझं गेज लावलं. एसीत गॅसच नव्हता.

याचं मला आश्चर्य वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय याच्यावर फिरला. घरच्या एसीचा कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, मोटारीसकट वेल्डिंग करून पॅक केलेला. गाडीतला तसा नाही. त्याचा दांडा बाहेर येतो, कारण तो पट्ट्यानं फिरवायचा असतो. दांडा जिथून बाहेर येतो तिथे एक सील असतं, आणि ते सील ओलं राहतं ते गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलामुळे. एसी चालू असेल तर तेल फिरतं. महिनोन् महिने गाडी उभी राहिली की सील कोरडं पडतं, आणि मग गॅस गुपचूप निघून जातो. एसी वापरून बिघडला, असं गिऱ्हाईक म्हणतं. न वापरून बिघडलेले एसी मी त्याहून जास्त पाहिले आहेत.

एक जोडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. 2016 साली, एकाच आठवड्यात, एकाच कंपनीचे एसी मी दोन ठिकाणी बसवले. एक गणपतीपुळ्याजवळच्या लॉजमध्ये, दुसरा समुद्रासमोरच्या एका बंगल्यात. लॉजवाला एसी रोज चालतो. गिऱ्हाईक सोळावर लावून दार उघडं टाकून किनाऱ्यावर जातं. तो अजून चालू आहे, नऊ वर्षं उलटून गेली. बंगल्यातला चार वर्षांत संपला. वर्षाला जेमतेम दहा दिवस चालला असेल. आउटडोअरची कॉइल म्हणजे तांब्याची नळी आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्त्या. दोन वेगळे धातू, मध्ये खारी ओल, की अ‍ॅल्युमिनियम स्वतःला खात सुटतं. पत्तीला बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला येते. चालू एसीची कॉइल गरम होते, सुकते. लॉजवाला महिन्या-दोन महिन्यांनी नळीनं गोडं पाणी मारतो. बंद एसीवर मीठ बसतं ते बसतं. पंख्याचं बेअरिंग जाम होतं. मुंग्या जातात, आणि सर्किटवर पाल जाऊन बसते ती पहिल्या चालू करण्याच्या क्षणी स्वतःही जाते आणि सर्किटही नेते.

म्हणून '31 हजारच चाललीय' हे ऐकून मला आनंद होईना. कमी किलोमीटर म्हणजे सोनं, असं गाड्या विकणारे सांगतात. कोरड्या गावी असेलही. समुद्रापासून दोनशे मीटरवर चौदा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर मोजू नयेत, पावसाळे मोजावेत.

एवढं सगळं कळूनही तिसऱ्यांदा गेलो. नवी बॅटरी घेऊन गेलो, स्वतःच्या पैशानं. यावरून काय ते समजा.

साहेबांना फोन केला तर म्हणाले, "फिरवून आणा की." विमा चालू होता, थर्ड पार्टीचा. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला त्याचा हप्ता 7,897 रुपये आणि वर जीएसटी, आणि तो ते न चुकता भरत आले होते. बटण दाबलं. डिकीचं झाकण उलट्या दिशेनं उघडलं, टप मधोमध दुमडला, उचलला गेला आणि आत जाऊन झोपला. बावीस सेकंद. पंपानं जरा कण्हून दाखवलं, पण काम केलं. जाताना टपावरच्या सगळ्या सुरूच्या सुया आमच्या डोक्यावर ओतल्या.

नेवऱ्याहून रत्नागिरीकडे येताना समुद्र चालकाच्या बाजूला असतो. हा रस्ता मी हजार वेळा तरी चाललो असेन, पण नेहमी व्हॅनमध्ये, मागे गॅसच्या टाक्या, वर शिडी, आणि डोक्यात पुढच्या गिऱ्हाइकाचा पत्ता. आरे-वारेचा चढ लागला आणि पहिल्यांदा कळलं की या रस्त्याला आवाज आहेत. लाटांचा तर आहेच. पण एका घरात मिक्सर चालला होता. कुठेतरी कुणी जांभा फोडत होतं. वळणावर सुकट वाळत घातलेली, तिचा वास आला आणि पुढच्या वळणावर कापलेल्या भाताचा. वेग किती होता म्हणाल तर चाळीस. त्या टायरांवर त्याच्या वर काटा जाऊ देण्याची माझी हिंमत नव्हती. 184 अश्वांना मी पाणी पाजायला नेत असल्यासारखा नेत होतो.

आणि उघड्या गाडीचा एक तोटा कुणी सांगत नाही: काच वर करून पुढे जाता येत नाही. प्रत्येकजण बोलतो. "काय मिस्त्री, लॉटरी लागली काय?" "कोनाची ओ?" एका बाईंनी तर थांबवून फ्रिज बर्फ धरत नाही म्हणून सांगितलं. सात किलोमीटरला पाऊण तास लागला. मला तो पाऊण तास फार आवडला. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरी मी ते कबूल केलेलं नाही.

परत आल्यावर काका ओट्यावर नारळ सोलत बसले होते. गाडीचं नाक फाटकातल्या उंबऱ्याला घासलं तो आवाज त्यांनी ऐकला होता. काही न बोलता त्यांनी सोललेला नारळ माझ्या हातात दिला. तो मी पुढच्या बंपरखाली लोटला. अडकला. काढायला पोटावर पडावं लागलं.

त्या नारळानं बरंच काम केलं. बंगल्यापासून माझ्या घरापर्यंत सतरा गतिरोधक आहेत. आपल्याकडे गतिरोधक मापानं घालत नाहीत, रागानं घालतात. कुणाची म्हैस गेली, कुणाचा पोर पडला, की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जांभ्याचा आणि डांबराचा बांध. सतराही तिरके घ्यायचे, एकेक चाक, मागचा डंपर हॉर्न मारत असताना. जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर तर विचारच नको. ओहोटीला रॅम्पचा कोन असा होतो की माझ्या व्हॅनचा सायलेन्सर तिथे एकदा राहिला होता. ही गाडी तिथे साष्टांग नमस्कार घालील.

घरात विषय काढला तेव्हा बायकोनं पैशाचं विचारलं नाही, इंजिनाचं तर नाहीच.

"अहो, आणि गणपती कशातून आणायचा?"

मी म्हटलं, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमचा गणपती पाटासकट अडीच फूट. सीट मागे कललेली, पाट सपाट बसत नाही. मांडीवर घेऊन बसावं तर मुकुट टपाला लागतो. टप काढावा तर भाद्रपदातला पाऊस. शाडूची मूर्ती. हा प्रश्न मी दोन दिवस मनातल्या मनात सोडवत होतो, आणि तो सुटत नाही हे कळल्यावर चिडलो तिच्यावरच.

"व्हॅन आहे ना," मी म्हटलं.

"मग ही कशाला?"

संकष्टीला आईला गणपतीपुळ्याला नेलं तेव्हा येताना मुद्दाम बंगल्यावर थांबलो. आई गाडीत बसली. बसली म्हणजे पडली. दोन मिनिटं तिनं डॅशबोर्ड, आरसा, आकाश असं क्रमानं बघितलं आणि म्हणाली, "गाडी कसली रे, बाज आहे ही." मग उठायला गेली आणि उठता येईना. गुडघे खांद्याच्या वर. "आता जेवणाचं ताट इथेच आण." एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं काका, अशी तिला वर काढली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कागदांचं थोडक्यात. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून नावावर करणं हे काही अवघड नाही. पण खासगी गाडीची पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि या गाडीची जानेवारीत भरत होती. एप्रिल 2022पासून त्याची फी साध्या मोटारीला 5,000 आहे. आयात केलेल्या गाडीला 40,000. वीस वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट 2025मध्ये हे आकडे दुप्पट झाले. शिवाय आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं, आणि दीड दशकापूर्वीच्या रबरी नळ्यांना त्यातलं काय मानवेल हा आणखी एक घोर.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशानंही मी थांबलो नाही. पैसे उभे झाले असते. चेन बदलली असती, टायर आले असते, गॅस तर मीच भरला असता. नारळावरूनही माणूस उडी मारतो. मी थांबलो ते एका रविवारी दुपारी, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं तेव्हा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. ऑक्टोबरात ऊन मी म्हणतं, दिवाळीच्या तोंडावर लॉजवाले श्वास घेऊ देत नाहीत. मार्चपासून पावसापर्यंत एसीचा सीझन, त्यात आंब्याच्या शीतगृहांची कामं. तेव्हा मी घरी जेवायला आलो तरी बायको पाहुणा आल्यासारखी पाट मांडते. शिमग्याला गावी. नाताळचा आठवडा पर्यटकांचा, आरे-वारेला गाड्यांची रांग. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले रविवार. त्यातून लग्नं वजा केली, एक बारसं, एक वर्षश्राद्ध. पेन्सिलीनं एकेका रविवाराभोवती गोल काढत गेलो. बारा गोल झाले.

साहेब वर्षाला आठ दिवस येतात. मी त्यांच्यापेक्षा चार दिवस जास्त चालवली असती. बाकीचे तीनशे त्रेपन्न दिवस माझ्या दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच खाऱ्या वाऱ्यात, दुसऱ्या एका कव्हरखाली. सील कोरडं पडलं असतं. उंदीर नवा आला असता.

पेन्सिल खाली ठेवली आणि साहेबांना फोन लावला. नको म्हटलं.

"अहो, 31 हजारच चाललीय!"

"तेच तर, साहेब."

त्यांना ते कळलं नसावं. भाव करतोय असं वाटून ते दहावर आले, मग साडेनऊवर. मी चेनचं सांगितलं, पन्हाळीचं सांगितलं, पंधरा दिवसांनी एकदा तरी गाडी चालवून आणायला सांगा म्हटलं. "कुणाला सांगू?" ते म्हणाले. त्यावर दोघंही जरा गप्प झालो. मग त्यांनी विचारलं, "एसींचं बघाल ना पण?"

मार्चमध्ये सर्व्हिसिंगला गेलो. शेवटचा आउटडोअर गॅरेजच्या पाठभिंतीवरचा. काकांनी कव्हर वर सारलं, मी शिडी लावली. पत्त्यांवर बोट फिरवलं, पांढरी भुकटी. नळीनं गोडं पाणी मारून कॉइल धुतली. खाली उतरलो तरी नळ चालूच होता, काका आत चहा करत होते. मी खाली बसलो आणि नळी गाडीच्या पुढच्या चाकाच्या कमानीत घातली. मग मागच्या. मग पोटाखालून, जेवढा हात पोचला तेवढा. डिकीच्या कडेच्या पन्हाळीतल्या सुया तारेनं ओढून काढल्या.

बराच वेळ खालून तांबडं पाणी येत राहिलं. ते मातीचं की गंजाचं, हे मी वाकून पाहिलं नाही. काकांनी चहा आणला, तो घेतला.